वडिलांच्या मापाचा कोट

बॉबिनच्या अंगावर गडद निळा कोट होता आणि तो त्याला बसत नव्हता. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या होत्या. उजवा खांदा उतरला होता. आम्ही दोघं परदेशातून सुट्टीला घरी निघालो होतो.

"हे काय ध्यान?" मी म्हणालो.

"माझा नाहीये. बाबांसाठी शिवलाय. बॅगेत कोंबला तर खांद्यांची वाट लागेल. म्हणून अंगावर."

बॉबिन हे त्याचं शाळेत पडलेलं नाव. शिंप्याचा मुलगा, म्हणून. तिकडे आम्ही एका खोलीत राहतो. नाटकांचे कपडे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कापड कापतो. शिवणारे वेगळे असतात. हा कोट मात्र त्याने कापला आणि शिवलाही, काजांसकट. सुट्टीच्या दिवशी खोलीत टेबल त्याचं असायचं. मी जमिनीवर बसून जेवायचो.

"पण ते घालतील?"

त्याने बाही खाली ओढली. त्याच्या वडिलांनी दुसऱ्याच्या हातचं शिवलेलं कधी अंगाला लावलं नव्हतं. लग्नाच्या सकाळीही ते स्वतःच्या कोटाला गुंड्या लावत बसले होते, असं त्याची आई अजून चिडून सांगते.

"माप कसं मिळालं?"

"नजरेत आहे. लहानपणापासून बघतोय. उजवा खांदा बोटभर खाली. कात्रीने ओढलाय तो."

विमानातून उतरून पुढे रेल्वेने जायचं होतं. तिथेही तो पाठ टेकेना. समोरच्या बाईंना राहवेना.

"भाऊ, टेका की जरा. शिक्षा झालीय का?"

"कोट चुरगळेल."

"मग त्यालाच बसवा जागेवर. तुम्ही उभे राहा."

सगळा डबा हसला. बॉबिन हसला, पण ताठच.

त्याचं घर दुकानाच्या मागे आहे. दुकानात मशीन, लांब टेबल, इस्त्री, उभा आरसा. गल्लीत वडिलांना मास्तर म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा ते मशीनवर होते. पॅन्ट न्यायला आलेले एक निवृत्त पोस्टमन बाकावर बसले होते.

आई आतून हात पुसत आली. "किती वाळलास रे!"

"आई, जाड झालोय."

"त्या गबाळ्या कोटात काही कळत नाही."

मास्तरांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. "काढ," म्हणाले.

"तुमच्यासाठी आहे," बॉबिन म्हणाला.

मास्तरांनी कोट उलटा केला. त्या घरात कपडा आधी आतून बघतात. अस्तर चिमटीत धरून ओढलं. काखेच्या शिवणीवरून नख फिरवलं. काजं एकेक करून बोटाखाली घेतली. बॉबिन हात बांधून उभा होता. त्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पोस्टमन खाकरले. "मास्तर, माझी पॅन्ट?"

"थांबा हो. मुलगा आलाय."

"मुलाकडे कुठे बघताय? मघापासून कोटच बघताय."

मास्तरांनी कोट सुलटा केला. आणि घातला. आई दारातच थबकली.

खांदा बसला. तो बोटभर उतार जसाच्या तसा. पण खाली सगळं सैल. छातीवर कापड लोंबत होतं. बॉबिनचा चेहरा पडला.

"चुकलं," तो म्हणाला.

मास्तर आरशात बघत राहिले. "चुकलं नाही. तू गेलास तेव्हा मी एवढाच होतो."

आई म्हणाली, "फोनवर नुसतं तोंड दाखवतात. त्याला कसं कळणार?"

"शिवण तुम्ही आत घ्या ना, बाबा," बॉबिन म्हणाला. "तुमच्या हाताने नीट होईल."

"दुसऱ्याचं एवढं चांगलं काम मी उसवायचं?" मास्तर म्हणाले. "ज्याने शिवलं तो बघेल."

त्यांनी गळ्यातली टेप काढली. त्या टेपला घरात कोणी हात लावल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ती त्यांनी मुलाच्या गळ्यात टाकली आणि हात पसरून उभे राहिले, एखाद्या नव्या गिऱ्हाइकासारखे.

मी थक्क झालो होतो. माझं घर अजून दोन गावं पुढे होतं, बस सुटायची वेळ झाली होती, आणि माझा पाय निघत नव्हता.

"श्वास रोखू नका, बाबा."

"रोखत नाहीये. तू नीट धर."

"अहो, पण माझी पॅन्ट?" पोस्टमन म्हणाले.

"आज गिऱ्हाईक मी आहे," मास्तर म्हणाले. "कटर परदेशातून आलाय. रांगेत थांबा."

बॉबिनने टेप छातीभोवती फिरवली आणि आकडा मोठ्याने सांगितला. मास्तरांनी कानामागचा खडू काढला आणि निमूटपणे तो आकडा टेबलावर लिहून घेतला.