आप्पांची उन्हावरची गाडी

रस्त्यात कुठलीही गाडी थांबली की आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे आप्पा सर तिच्यासमोर चक्क उकिडवे बसत. जीप असो, टेम्पो असो, नाहीतर नवरदेवाची फुलं लावलेली मोटार. ड्रायव्हरला वाटे, चाक पंक्चर झालं की काय. तो घाईघाईने खाली उतरे. आप्पा मान तिरकी करून म्हणत, "पंक्चर न्हाई हो. लई उंच हाय तुमची गाडी. खालून वारं शिरतंय आन अडवतंय." ड्रायव्हर त्यांच्याकडे नीट बघून घेई आणि गाडीत बसे. घाटनांदुरात त्यांना सगळे डिझाइनआप्पा म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. ते नव्या वाऱ्याचे दिवस होते. गावात केबल आली होती आणि न्हाव्याच्या दुकानातल्या मासिकांत परदेशी गाड्यांचे रंगीत फोटो यायला लागले होते. आप्पा ते फोटो तासन्‌तास बघत आणि मग त्यांहून बसक्या, त्यांहून लांब गाड्या स्वतः काढत. स्वतः ते एसटीखेरीज फारसे कशात बसलेले नव्हते. मी चिडवायचो, "आप्पा, ही गाडी आपल्या रस्त्यावर आणली तर पोट खरवडून निघेल." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "रस्ते काय सर, कंत्राट निघालं की व्हतात. गाडीचा इचार आधी कराय पायजे."

त्यांची गाडी पेट्रोलवर चालणारी नव्हती. ती उन्हावर चालायची. "पेट्रोल दुसऱ्याच्या देशातून आनायचं कावून? ऊन आपल्या दारात पडून हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडीचा सांगाडा पत्र्याचा नाही, साखर कारखान्यातल्या चिपाडांचा लगदा डिंकात दाबून केलेला. एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, एवढ्या महागड्या गाडीचा मालक चिपाडात कशाला बसेल?" ते म्हणाले, "श्रीमंतानंच आधी बसाय पायजे सर. गरीब बसला तर त्याला कुनी डिझाइन म्हनत न्हाई." एरवी मी त्यांना तिरसटपणे टोकायचो, पण हे मला पटलं होतं.

घरी मात्र त्यांची डाळ शिजायची नाही. वडील लवकर गेले, तेव्हापासून किराणा दुकान त्यांची माय चालवत होती. गल्ल्यावर बसून ती गिऱ्हाइकांसमोरच म्हणे, "बाप्या मानूस चाळिशीला आला, आजून खेळनी करतोय." आप्पा उलट बोलत नसत. मागच्या खोलीत त्यांचे कागद, रंग, लगद्याची घमेली असायची. त्या खोलीत माय कधी पाऊल टाकत नसे. हे त्यांना किती लागायचं ते मला ठाऊक होतं, कारण शाळेतून घरी जाताना दुकान दिसायला लागलं की ते हातातली गुंडाळी काखेत लपवायचे.

अशात पुण्याच्या एका मोटार कंपनीने उद्याच्या गाडीची चित्रं मागवली. आप्पांनी पाठवली आणि ती कंपनीला पसंत पडली. दसरा झाला की दोन साहेब येऊन नमुना चालताना बघणार होते, आणि तो चालला तर आप्पांना कंपनीच्या डिझाइन खात्यात घेणार होते. आप्पांनी पाटाएवढी लांब, गुळगुळीत, तांबूस गाडी केली. शाळेने भंगारात टाकलेल्या सोलर कंदिलाच्या पट्ट्या तिच्या टपावर बसवल्या. भर दुपारी अंगणात ठेवली की ती आपोआप सुटायची आणि कोंबड्या पळायच्या. आप्पांचं जेवण तुटलं होतं. त्यांच्या वयाच्या माणसाला दुसरी संधी येत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

खंडेनवमीला त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. दुकानात पूजा मांडलेली होती. तराजू, मापं, अडकित्ता, पोती शिवायचा दाभण, आणि त्यांच्या शेजारी आप्पांची गाडी. मायने स्वतः मागच्या खोलीत जाऊन ती उचलून आणली होती. पुढच्या भागावर हळदीकुंकू लावलं होतं, टपावर झेंडूचा हार घातला होता. मला घेऊन आलेले आप्पा दारातच थबकले. "माय, ही कावून?"

"तुजं हत्यार हाय न्हवं ते?" माय म्हणाली. "मग त्याला बी फूल वाहाय पायजे." आणि ती पोळ्या लाटायला आत निघून गेली.

आम्ही हातपाय धुतो न धुतो तोच दारात जीप थांबली. पुण्याचे साहेब लातूरहून परतत होते, पुन्हा खेप नको म्हणून वाट वाकडी करून आले होते. माणसं चांगली होती. बूट काढून आत आली, गाडी बघून खूश झाली. त्यातले थोरले म्हणाले, "सुंदर. आता उन्हात घ्या, चालवून बघू."

एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्यार हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आप्पा म्हणाले, "आज न्हाई हलवता येनार साहेब. मुक्काम करा. सकाळी सकाळी दावतो."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे. फुलं काढा, मग परत घाला. आम्हाला आज पोचायलाच हवं. दसऱ्याचा मुहूर्त धरून निवड उद्यावरच आणली आहे."

मी आप्पांना बाजूला ओढलं. "तुमच्या आईंना विचारा तरी. त्या नाही म्हणायच्या नाहीत."

"न्हाई म्हननारच न्हाई ती," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "म्हनूनच इचारत न्हाई."

साहेबांनी हात जोडले आणि जीप गेली. कंपनीचं पुन्हा कुणी आलं नाही, हे इथेच सांगून टाकतो. आप्पा ड्रॉइंगचे मास्तर म्हणूनच निवृत्त झाले. आता ते नाहीत, मायही नाही. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांच्याइतका जीव मात्र मी नंतर कुणाला लावला नाही.

जीपचा आवाज ऐकून माय पिठाच्या हातांनी बाहेर आली. "कोन व्हते रे?"

"गिऱ्हाईक व्हतं, माय. उद्या या म्हनलं."

"बरं केलंस," माय म्हणाली. "आज का कुनी हत्यार हलवतंय?" तिने हाराची सरकलेली बाजू बोटाने नीट केली आणि आम्हाला पाटावर बसवलं. आप्पांनी त्या दिवशी दुसरी पोळी मागून घेतली.