परत द्यायची गाडी

परत देणं या एका कामात माझ्या साडूइतका कच्चा माणूस रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातच काय, अख्ख्या छत्तीसगडात सापडायचा नाही. गैरसमज नको हं. माणूस सरळ आहे. उसनी आणलेली वाटीभर साखर परत करताना वाटीवर शीग चढवेल, दुकानदाराने चुकून जास्त दिलेली मोड द्यायला उन्हातान्हात परत चालत जाईल. अडचण एवढीच, की जरा सवयीची झालेली वस्तू हातातून सुटली की या गृहस्थाला चैन पडत नाही. एका दिवाळीत घर रंगवायला त्यांनी शेजारच्या वकिलांकडून शिडी आणली. रंग झाला, शिडी परत गेली, आणि हे जेवायला बसेनात. ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, विचारलं तर म्हणाले, "त्या भिंतीपाशी रिकामं रिकामं वाटून राहिलं." दुसऱ्या दिवशी प्रकृतीची चौकशी करायच्या निमित्ताने वकिलांकडे गेले, चहा प्यायले, अंगणात उन्हात पडलेली शिडी उचलून सावलीत ठेवली आणि घरी आले. साडूंना शिडी पुन्हा हवी आहे पण मागायला लाजतात, अशी वकिलांची आजही समजूत आहे.

मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, तेही मला साडूभाऊच म्हणतात, त्यामुळे आम्ही दोघं बोलत बसलो की ऐकणाऱ्याची पंचाईत होते. पण सारखेपणा तेवढाच. माझं गुढियारीत बॅटऱ्यांचं दुकान आहे. माझ्याकडे येणारी प्रत्येक वस्तू जाण्यासाठीच येते आणि ती जितक्या लवकर जाईल तितका मी खूश. इकडे हे गृहस्थ रिकामं सिलिंडर नेणाऱ्या माणसाला दारात थांबवून सिलिंडरच्या पाठीवर थाप मारतात. "सगळा पावसाळा भात शिजवला यानं," म्हणतात. तो बिचारा खांद्यावर ओझं घेऊन "भैया, जाने दो ना" म्हणत उभा. आगगाडीत भेटलेल्या माणसांचंही तेच. आम्ही दोन्ही कुटुंबं एकदा नागपूरला लग्नाला निघालो होतो. दुर्ग येईपर्यंत समोरच्या बाकावरच्या मंडळींचा सगळा इतिहास यांना पाठ झाला, राजनांदगावला त्यांच्या डब्यातलं लोणचं यांच्या पोळीवर आलं. गोंदियाला ती मंडळी उतरली, तर हे त्यांची बॅग घेऊन सोबत उतरले, थेट पुलापर्यंत पोचवायला गेले. आमची गाडी हलली तेव्हा साडूभाऊ फलाटावर उभे, आणि हात करत होते ते आम्हाला नाही, पुलावर चढणाऱ्या त्या मंडळींना! मागच्या गाडीने लग्नाला पोचले तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. ताई त्यांच्याशी बोलेना. हे मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "त्यांच्या म्हातारीचा पाय लय दुखून राहिला होता जी. जिना कशी चढली असन?"

खरं म्हणजे हा माणूस सदा अर्धा दुसरीकडेच असतो. संध्याकाळी ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन गच्चीवर जातात. खाली गल्लीत आरतीच्या घंटा, भाजीवाल्याच्या हाका, मोटरसायकलींचे हॉर्न, आणि वर हे कठड्याला टेकून आभाळाकडे बघत उभे. चहावर साय धरते, सायीवर डास बसतो, तरी यांचं लक्ष नाही. "काय बघून राहिले जी?" म्हणून मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "काही नाही, जरा गंगरेलच्या धरणावर गेलो होतो." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच वारा लागून आल्यासारखं काहीतरी होतं. अशा माणसाची टिंगल करायलाही मन होत नाही, तरी मी करतोच, कारण नाहीतर तोंड उघडायला मला दुसरं काय आहे?

तर अशा माणसाच्या ऑफिसात गाड्यांची योजना आली. शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपूरच्या एका संस्थेत ते नोकरीला आहेत. योजना अशी, की कर्मचाऱ्याने आवडेल ती नवी कोरी गाडी निवडायची, ती घेणार गाड्या देणारी कंपनी, दर महिन्याला पगारातून भाडं कापलं जाणार, विमा-दुरुस्ती त्यातच आली. चार वर्षं मनसोक्त फिरवा. चार वर्षं झाली की किल्ली परत, गाडी परत. अर्ज महिनाअखेरीपर्यंत. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात गुड्डीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, नवा रायपूरच्याच कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तिकडचे रस्ते असे रुंद की दोन वराती समोरासमोरून नाचत जातील, पण बसचं म्हणाल तर दर्शन झालं तर झालं. साडूंची स्कूटर म्हातारी, वाटेत कुठे बसेल सांगता येत नाही, आणि त्या रस्त्यावर ट्रक. ताईने निकाल देऊन टाकला. गाडी आली तर बापलेक सकाळी एकत्र जातील, संध्याकाळी एकत्र येतील, पोरगी घरी राहील. गाडी नाही आली तर गुड्डी होस्टेलला.

आता यात ठरवायचं काय आहे, सांगा! मी असतो तर चहा निवायच्या आत सही केली असती. पण साडूभाऊ "परत" या शब्दापाशी अडकून बसले. रोज संध्याकाळी माझ्या दुकानी यायला लागले. माझ्याकडे गाडीच्या बॅटऱ्या असतात म्हणून गाडीच्या सुखदुःखाचंही मला कळतं, असा त्यांचा समज. गिऱ्हाईक उभं असताना काउंटरवर कोपरं टेकून विचारायचे, "साडूभाऊ, कागदावर नाव त्या कंपनीचं. मंग दसऱ्याले पूजा आपण करायची का कंपनीनं?" मी म्हणालो, "हार तुम्ही घाला अन् फोटो कंपनीले पाठवा." त्यांना ते पटल्यासारखं झालं. जरा वेळाने पुन्हा, "आता मागच्या काचेवर लोक 'आईबाबांचा आशीर्वाद' लिहितात. हे तर भाड्याची. आशीर्वाद परत करताना खरवडायचा का?" गिऱ्हाईक हसायला लागलं, मी बॅटरीचं झाकण जोरात आपटलं, आणि हे आपले गंभीर.

शेवटी एका रविवारी मीच त्यांना शोरूममध्ये घेऊन गेलो. तिथे बुढातालाबच्या संध्याकाळच्या पाण्यासारख्या निळ्या रंगाची एक गाडी होती. साडूभाऊ आत बसले, दार लावून घेतलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी उघडेनात. शोरूमची मुलगी घाबरली. "सर की तबीयत ठीक है ना? पानी लाऊँ?" मी म्हणालो, ठीक आहेत, फक्त जरा बाहेर गेले आहेत. बाहेर पडल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला तेव्हा त्यांनी सगळी हकिगत सांगितली. आम्ही सगळे त्या गाडीतून धमतरीच्या रस्त्याने निघालो होतो म्हणे. भाताची हिरवी शेतं दोन्हीकडे, काचा खाली, गुड्डी पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली, ताई मागून ओरडून राहिलेली की पोरीच्या जातीनं असं बसू नये. सांगताना त्यांचा आवाज असा हळू झाला होता की मलाही तो रस्ता दिसायला लागला. मग ते थांबले.

"अन् मंग तो आला," म्हणाले.

"कोण?"

"किल्ली न्यायले. चार वर्षं झाली ना जी. चांगला पोट्टा होता, अदबीचा. पाणी दिलं त्याले. मंग तो बसला अन् त्यानं सीट मागं सरकवली, साडूभाऊ. गुड्डी चालवायले शिकली होती ना, तिनं आपल्या मापानं पुढं घेतली होती ती." त्यांनी कप खाली ठेवला. "गल्लीच्या वळणावर त्यानं इंडिकेटर दिला. मी फाटकातच उभा होतो."

म्हणजे बघा! गाडी अजून शोरूममध्ये उभी, कागदावर सही नाही, आणि हा माणूस तिला फाटकापर्यंत पोचवून डोळे पुसून आला! मी संतापलो. भर टपरीवर म्हणालो, "साडूभाऊ, तुम्ही सपनात गाडी परत करून राहिले अन् तिकडं पोट्टी खरी खरी होस्टेलले चालली!" ते माझ्याकडे असं बघत राहिले की मलाच वाईट वाटलं. पण सही झाली नाही ती नाहीच.

महिना संपत आला. ताईने बाजारातून गुड्डीसाठी मोठी लाल बॅग आणली आणि मुद्दाम बैठकीच्या मधोमध ठेवली. येता-जाता साडूभाऊ तिला वळसा घालायचे. अर्जाच्या मुदतीआधीचा शेवटचा रविवार, ताईने आम्हाला चीला खायला बोलावलं होतं. तांदळाच्या पिठाचं ते गरम गरम धिरडं तव्यावरून थेट ताटात येत होतं आणि प्रत्येक धिरड्यासोबत ताईचं एक एक वाक्य येत होतं. "काहून असं करून राहिले हे, देवालाच ठाऊक. जगात लोक गाडी घेतात, फिरवतात, देऊन टाकतात. अन् आमच्या इथं सुतक!" साडूभाऊ मान खाली घालून खात होते. मी म्हणालो, "अहो, चार वर्षांनी दुसरी नवी मिळन." ते म्हणाले, "दुसरी म्हणजे तीच थोडी असते जी."

गुड्डी समोर बसून मोबाईलवर काहीतरी बघत होती. घरात मराठी चाललेली असली तरी तिची उत्तरं हिंदीत. मान वर न करता ती म्हणाली, "पापा, इसमें इतना सोचने का क्या है? चार साल का मेरा कोर्स, चार साल की गाड़ी। उसके बाद गाड़ी भी जाएगी, मैं भी जाऊँगी। पुणे, बैंगलोर, जहाँ नौकरी लगे। आपको दो बार रोना नहीं पड़ेगा, एक ही बार में निपट जाएगा।" आणि आईकडे ताट सरकवून तिने आणखी टमाट्याची चटणी मागितली.

पोर अगदी सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं. पण ताईचा हात तव्यावर तसाच राहिला आणि धिरडं करपल्याचा वास आला तरी तो हलला नाही. माझी बायको उगाच पाण्याचे पेले भरायला लागली. साडूभाऊ लेकीकडे बघत होते. गच्चीवर उभे राहून बघतात तसं नाही, अगदी समोर, अगदी इथे असल्यासारखं. इतका वेळ, की शेवटी तिनेच मान वर केली. "क्या हुआ?"

"हव," साडूभाऊ म्हणाले. छत्तीसगडीत "हो" म्हणतात तसं, एवढंच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी सही केली.

निळी गाडी आली. नारळ फुटला, हार पडला, लिंबांवरून चाकं गेली. मी आपला तयारीत होतो, की आता हे तिचं काहीतरी नाव ठेवतील, बॉनेटवरून हात फिरवतील, पावसात तिच्यावर छत्री धरतील. तसलं काही नाही! पहिल्याच आठवड्यात बंपरला ओरखडा आला तर म्हणाले, "गाडी आहे, लागायचंच." मला तर काळजीच वाटली. सकाळी मात्र गुड्डीच्या आधी खाली येऊन, दार उघडून, तिची सीट तिला हवी तेवढी पुढे केली आहे ना, ते बघून ठेवतात. ताई सांगते, हल्ली गच्चीवर फारसे जात नाहीत. संध्याकाळचा चहा गरम असतानाच पितात, गुड्डी समोर बसलेली असते ना.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. नवा रायपूरला एका ऑफिसात मी बॅटऱ्या बसवायला गेलो होतो. काम आटोपलं, टेम्पो पुढे पाठवला आणि साडूंच्या गाडीतून परत निघालो. मी मागे, बापलेक पुढे. गुड्डीचं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, पोर दमली होती. गाडी निघते न निघते तोच तिची मान काचेला टेकली. दिवे नुकतेच लागले होते. तो रुंद, मोकळा रस्ता, कडेला थोडं धुकं, बाजूला कापणी झालेली शेतं, आणि कुठे एक माणूस नाही. साडूभाऊ गाडी इतकी अलगद चालवत होते की चालते की थांबली आहे ते कळत नव्हतं. शहराकडे वळायचा चौक आला. ते वळले नाहीत, सरळच गेले.

"साडूभाऊ, वळण मागं राहिलं ना जी," मी म्हणालो.

"माहीत आहे," ते अगदी हळू म्हणाले. "झोपली आहे ती. घर आलं का उठन, अन् खोलीत जाऊन दार लावन."

माझं दुकान उघडं होतं, बायकोचा फोन दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी तो बंदच केला. माझी मुलं मोठी होऊन कधीच बाहेर गेली, आणि ती शेवटची कधी माझ्या शेजारी अशी झोपली होती, ते मला आठवेना. फार आठवून बघितलं. रस्ता मोठी फेरी घालून पुन्हा त्याच चौकात आला. साडूभाऊंनी वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"जाऊ द्या सरळ," मी म्हणालो. "मले काही घाई नाही."