इतर कडधान्ये

"आकडा बरोबर आहे. शेत चुकतंय."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात मोजपट्टी. बांधावर उभे राहून काका असं म्हणाले की आम्ही ओळखायचो, आज पुन्हा काहीतरी बिघडलं. मग ते जे खो-खो हसायचे, ते ऐकून रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. स्वतःच्या फजितीवर एवढ्या आनंदानं हसणारी माणसं तुम्ही किती पाहिली असतील मला माहीत नाही. मी हा एकच पाहिला.

आमचं गाव कडावच्या पुढे. मी खोपोलीला कारखान्यात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात आईच्या हाताखाली शेती करतो. काका नात्यातले नव्हेत, शेजारी. आमच्या शेताला लागून त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, माहेरची थोडी जमीन होती. काकू कर्जतच्या, मास्तरांच्या घरातल्या. काका नागपूरकडचे, पण सगळी नोकरी दिल्लीत झाली. देशाच्या शेतीची योजना जिथे लिहितात, तिथे ते होते. कुठे काय पिकावं, लोकांना धान्य कसं पुरावं, माती आणि पाणी कसं टिकावं, याचे कागद त्यांनी जन्मभर केले. स्वतः मात्र कुंडीतल्या तुळशीशिवाय काही लावलं नव्हतं. हे ते कुणालाही पहिल्याच भेटीत सांगून टाकायचे. निवृत्त झाल्यावर काकूंच्या जमिनीत त्यांनी लहानसं घर बांधलं आणि जाहीर केलं, "योजना खालून वर गेली पाहिजे, हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय! आता खाली बसून बघतो, ती वर कशी जाते."

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी भाताच्या लावणीचा तक्ता करून भिंतीला चिकटवला. ठरलेल्या दिवशी सकाळी रोपं तयार, चिखल तयार, काका तयार. माणूस एकही नाही. सगळा गाव आपापल्या रानात वाकलेला. काका आमच्या बांधावर आले.

"ताई, तक्त्यात मी मनुष्यबळ गृहीत धरलं होतं."

आई चिखलातून वर बघत म्हणाली, "मनुष्यबळ? ते कंच्या गावचं, भाऊ? सांगावा धाडला व्हता का त्याला?"

काका हसता हसता बांधावरून घसरून थेट आमच्या खाचरात बसले. आमची लावणी उरकल्यावर आई चार बायका घेऊन त्यांच्याकडे गेली. काकाही वाकले. त्यांनी लावलेली ओळ अशी वळत जायची की मागून येणाऱ्या बायका ती उपटून पुन्हा सरळ लावायच्या, आणि काकांना कळू नये म्हणून मोठ्यानं गप्पा मारायच्या. काकांना सगळं कळत होतं. तेही मोठ्यानं गप्पा मारायचे.

भात झालं जेमतेम. त्याच्या लहान लहान पिशव्या बांधून काकांनी आळीत घरोघर वाटल्या. ज्यांच्या पडवीत पोत्यांची थप्पी लागलेली, त्यांच्याही हातात पिशवी ठेवून म्हणायचे, "माझं आहे हे. मी पिकवलंय." कुणी नाही म्हटलं नाही. आईनं तर ती पिशवी देव्हाऱ्याजवळ ठेवली होती.

भात निघालं की आमच्याकडे त्याच ओलीवर वाल पेरतात. काका रोज येऊन बघायचे.

"पाणी कधी देता याला?"

"देत नाय."

"मग जगतं कशावर?"

"रानात ओल हाय, पहाटे दव हाय. आनि मी रोज येते की त्याला बघाया."

शेंगा भरल्या तसं आईनं एका संध्याकाळी रानातच पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढ्याचा जाळ. काका-काकूंना बोलावलं होतं. काकांनी पहिली शेंग सोलून तोंडात टाकली, मग दुसरी, मग तिसरी. काही वेळानं त्यांनी एक शेंग जाळाच्या उजेडात धरली.

"कागदावर तूर वेगळी असते. हरभरा वेगळा. मूग, उडीद वेगळे. आणि शेवटी एक रकाना असतो, इतर कडधान्ये." ते शेंगेकडे बघतच राहिले. "म्हणजे 'इतर' म्हणजे हे!"

काकू म्हणाल्या, "आणि दिल्लीत इतकी वर्षं मी बिरडं करून घालत होते, ते कशाचं?"

"ते घरातलं. त्याचा शेताशी काही संबंध असेल, असं मनातच आलं नाही."

"दर वर्षी कर्जतहून वाल यायचे, ते काय आभाळातून पडत होते?"

त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त हसले ते काकाच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वालाला वाल म्हणणं सोडलं. "ताई, आज इतराची आमटी का?" असं विचारत ते ओटीवर यायचे. शब्द गावात पसरला. कडावच्या बाजारात आमच्या गावची भाजीवाली काकांना बघून ओरडायची, "या, इतर ताजं हाय!"

पण पुढची दोन वर्षं वाल धड झाला नाही. ओढ्यावरचा जुना दगडी बांध एका पावसात फुटला होता. पाऊस संपला की पाणी निघून जायचं, रानं लवकर सुकायची, वाल फुलावर येऊन करपायचा. तेवढ्यात वीटभट्टीसाठी माती घेणारा एक ठेकेदार गावात फिरायला लागला. रान रिकामंच आहे तर माती द्या, म्हणायचा. काहींचं मन झालं होतं. आई एकदा रात्री जेवताना म्हणाली, "माती गेली का खाली खडक, रं. मग भात बी नाय आनि काय बी नाय."

त्याच सुमारास पंचायतीच्या वार्षिक आराखड्याची ग्रामसभा आली. हाच आराखडा तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, आणि त्यांची बेरीज होत होत दिल्लीला. ओढ्यावरचा फुटका बांध आराखड्यात घ्यावा, असं भाषण काकांनी लिहून आणलं होतं. पण गावातल्या पोरांचं आधीच ठरलेलं. वेशीवर स्वागत कमान हवी. चित्रसुद्धा तयार होतं, दोन्ही बाजूंना सिंह.

मला वाटलं, आता काका कमानीवर तुटून पडणार. त्यांनी भाषणाची घडी करून खिशात टाकली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "कमान कशासाठी हवी?"

एक तरणा पोरगा उठला. "काका, आपलं गाव कुनाला सापडतच नाय. मागं आमचं पाव्हनं दुसऱ्याच गावात शिरलं आनि तिथल्याच मांडवात जेवून परत गेलं."

सभा हसली. काका हसले नाहीत. "म्हणजे गाव सापडलं पाहिजे. गरज खरी आहे. त्याला सिंह लागतात का?"

मग मी म्हणालो, कारखान्यातले आम्ही मित्र मिळून रात्रीही चमकेल असा मोठा लोखंडी फलक करून देतो. पोरांनी आपसांत कुजबुज केली आणि एक अट घातली. फलकावर एक तरी सिंह पाहिजे. अट मान्य झाली. तेव्हा आई उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती ग्रामसभेत बोलत होती, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"फलक लावा, पाव्हनं येतील. पन पाव्हन्यांना घालाल काय? ठेकेदाराची वीट?"

बांधासाठी हात वर झाले. सगळे नाहीत, पण पुरेसे.

प्रस्ताव वर गेला आणि परत आला. कुठल्या पिकाला फायदा होणार, ते स्पष्ट नाही म्हणे. संगणकावरच्या यादीत वाल नव्हताच, 'इतर' होतं. काका वालाच्या उसळीचा डबा घेऊन मला सोबत घेऊन अलिबागला, जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथले अधिकारी तरुण होते, नम्र होते. म्हणाले, "काका, ही यादी वरून येते. आम्हाला बदलता येत नाही."

"ठाऊक आहे मला. ती मीच पाठवायचो."

मग डबा उघडला गेला, खुर्च्या जवळ आल्या. उसळ संपेपर्यंत काकांनी त्यांना ओल, दव, माती सगळं समजावलं. यादी काही बदलली नाही, पण त्या अधिकाऱ्यांनी 'इतर'च्या पुढे स्वतः कंस काढून त्यात 'वाल' लिहिलं आणि प्रस्ताव पुढे पाठवला.

परत आल्यावर काका फाटकातूनच ओरडले, "ताई, कंस मिळाला!"

"खायाचा का लावायचा?" आईनं विचारलं.

बांध झाला. पुढच्या पावसाळ्यानंतर ओढ्यात पाणी थांबलं, तेव्हा सगळा गाव बघायला गेला. काका शर्टासकट पाण्यात उतरले आणि म्हशीसारखे गळ्यापर्यंत बसून राहिले. काठावरून काकू ओरडत होत्या, "अहो, सर्दी होईल! बाहेर या!" काका हात हलवून म्हणत होते, "पाच मिनिटं!" गावातली पोरंही धपाधप उड्या मारून त्यांच्याभोवती जाऊन बसली. ठेकेदार त्या वर्षी फिरकला नाही.

पुढे काकूंचे गुडघे अगदीच गेले आणि मुलगी दोघांना पुण्याला घेऊन गेली. सामानाचा टेंपो निघाला तेव्हा काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. जमिनीचं काय, असं आईनं विचारलं, तर म्हणाले, "ताई, तुम्ही पेरा. मी नुसता विचारत जाईन." आणि खरंच विचारायचे. दर रविवारी फोन. आधी पाणी किती आहे, मग मी कसा आहे.

गेल्या हिवाळ्यात फोन आला तो मुलीचा. काका झोपेतच गेले होते.

आई तेव्हा त्यांच्याच रानात शेंगा खुडत होती. मी जाऊन सांगितलं. ती तशीच उभी राहिली, ओढ्याच्या दिशेनं बघत. मग पुन्हा वाकली. ओचा भरेपर्यंत खुडत राहिली. मीही पलीकडच्या ओळीत वाकलो.

घरी येताना वाटेत म्हणाली, "भाऊंच्या रानात यंदा लय धरलंय, रं. काकूंना बिरड्यापुरतं तरी नेऊन दे."

दुसऱ्या दिवशी मी पाळी बदलून घेतली आणि पुण्याला गेलो.