आठशे मीटर पळणाऱ्या मुलीची आई

माझी मुलगी आठशे मीटर पळायची. म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. मला एवढंच कळायचं की पहिल्या फेरीत ती मुद्दाम मागे राहते आणि दुसरीत एकेकीला गाठते. दाना ओली या आमच्या गल्लीतली शेजारीण म्हणाली, "वहिनी, पोरगी चड्डीवर पळते, शोभतं का?" मी म्हटलं, "लुगड्यात पळता येत असेल तर तुम्ही पळून दाखवा. तिलाही तसंच शिकवीन."

राज्याच्या शर्यतीत ती पहिली आली. पुढे टाचेमागची शीर तुटली आणि पळणं संपलं. पाय बरा करणाऱ्या बाईंकडे जाता जाता तिने त्यांचंच काम शिकायचं ठरवलं. आता इंदरगंजात तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. मी चौथी पास, पण हा शब्द मला नीट म्हणता येतो.

मागच्या वर्षी माझा गुडघा बदलला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा. मुलगा भोपाळहून आला आणि म्हणाला, "आई, हे घर आता बंद. माझ्याकडे चल, लिफ्ट आहे." त्याचं चूक नव्हतं. पण मला माझ्या घरात राहायचं होतं. मुलगी म्हणाली, "जिना चढलीस तर राहा. नाही जमलं तर तुझं सामान मीच बांधीन."

तोवर मी तिच्याच घरी राहिले, तरी दवाखान्यात तिने मला रांगेत बसवलं. सख्ख्या आईला! नंबर आला की गुडघा वाकवायची. मी ओरडले की म्हणायची, "ओरड खुशाल, पर पैर मत खींच." शेजारच्या पलंगावर टोपी बाजारातले एक शेठजी होते. ते म्हणाले, "माताजी, आपकी बेटी बड़ी सख्त है."

"मेरी ही है," मी म्हटलं.

मग जिन्याचा दिवस आला. मुलगा त्यासाठी पुन्हा आला होता. तो वर दारात उभा, मुलगी माझ्या एक पायरी खाली. कठडा धरून मी चढायला लागले. मध्येच दम लागला. मुलगा वरून म्हणाला, "पुरे आता, आई." मुलगी म्हणाली, "दादा, तू चूप बैठ. तिला घाई नाहीये."

पोचले वर. मला वाटलं, आता तरी ही शाबासकी देईल. तिने गुडघा चाचपला आणि म्हणाली, "आता उतरून दाखव."

उतरले. पुन्हा चढले. मग मुलाला चहा करून दिला. त्याची भोपाळची गाडी संध्याकाळी होती.