दार उघडणारीचा ताप

आरोग्य केंद्राच्या वतीने घरोघर फिरून ताप शोधायचा, हे तिचं काम. म्हणून ती तापबाई. सव्वीस वर्षं हेच केलं तिनं. पिशवीत थर्मामीटर, सुया, कापूस आणि एक बॅटरी. बॅटरीचा उजेड पाण्याच्या पिंपात टाकायचा आणि डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या की पिंप तिथल्या तिथे आडवं करायचं. बायका बोटं मोडायच्या. पण तापबाई कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. "शिव्या द्या हव्या तेवढ्या, पण पिंप घासा," असं म्हणून ती पुढच्या घराची कडी वाजवायची.

दार उघडलं की तिचा प्रश्न ठरलेला, "घरात ताप कुणाला?" कुणाला नसला तर वहीत 'निरंक' लिहायचं आणि चालू पडायचं. दिवसाला साठ घरं करायची म्हणजे काय खायचं काम आहे?

त्या वर्षी डासांच्या तापाने गल्ली धरली. केंद्रातल्या तरुण डॉक्टरने तापबाईच्या वह्या पुढ्यात घेऊन हिशेब मांडला. त्रेचाळीस पुरुष, बारा बायका. डॉक्टर खूश झाला. "बघा, पुरुषांनाच जास्त होतोय. गॅरेजं, लाकडाच्या वखारी, टायरचे ढीग, सगळं तिथेच आहे. आपल्याकडे फवारणीचा पंप एकच. आधी तिकडे फवारू, घरं नंतर." तापबाईने मान डोलावली. न पटायला काय झालं? आकडे तिनेच तर आणले होते!

गल्लीच्या टोकाला एक शिंपीण राहायची. शाळेचे गणवेश शिवायची. एकच खोली, खिडकीशी मशीन आणि लगतच नळाखालचं पिंप. दिवसभर तिचे पाय त्या पिंपाशी. सहावा महिना लागला होता, तरी मशीन थांबली नव्हती. नवऱ्याला ताप आला तेव्हा त्याचं रक्त तपासलं, औषध झालं, दहा दिवस हातात पाणी मिळालं. देणारी अर्थात हीच. त्यानंतर तापबाई दिवसाआड तीनदा येऊन गेली आणि तिन्ही वेळा वहीत निरंक.

चौथ्यांदा ती आली तेव्हा भर दुपार होती.

"सगळे ठणठणीत आहेत, ताई. हे कामावर गेलेत, मुलं शाळेत, सासूबाई झोपल्यात."

तापबाईने वही उघडली, 'निरं' एवढं लिहिलं आणि सहज वर पाहिलं. शिंपीण दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. उन्हाने कातडी सोलून निघत होती आणि हिच्या अंगात नवऱ्याचा स्वेटर!

"हे काय गं?"

"काही नाही, जरा कसकस वाटतेय."

"कधीपासून?"

"ह्यांचा ताप उतरला तेव्हापासून. झाले असतील पाच-सहा दिवस."

"आणि बोलली नाहीस?"

"मला काय धाड भरलीय? कामानं अंग तापतंच की."

थर्मामीटर एकशे तीनवर गेला. सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं होतं, तेही विचारल्यावर कळलं. तापबाईचा आवाज खाली आला. "पोटातलं हलतंय का?"

शिंपिणीने खाली बघितलं. "सकाळपासून नाही कळलं."

एवढ्यात सासू उठून आली. "दवाखान्यात? आत्ता? मग संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार?"

"तुम्ही करा, आजी. हात आहेत ना धडधाकट?" असं म्हणत तापबाईने शिंपिणीला रिक्षात बसवलंसुद्धा.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांचंही आत्ता काही सांगता येत नाही. तापबाई बाहेरच्या बाकावर बसली. रडली नाही, पण स्वतःचाच असा संताप आला तिला! तीन निरंक, तिन्ही तिच्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी तिनं गल्ली पहिल्या घरापासून पुन्हा धरली. आता प्रश्नबिश्न काही नाही. जी दार उघडेल तिच्या तोंडात आधी थर्मामीटर. "अहो, मला काही नाही," असं म्हणायला तोंडच मोकळं नको. दोन दिवसांत एकोणीस बायका निघाल्या. कुणी तापात कपडे धूत होती, कुणी मुलांना आंघोळ घालत होती, एक तर नवऱ्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि तिचा ताप त्याच्याहून जास्त होता.

यादी बघून डॉक्टर चक्रावला. "ह्या इतके दिवस होत्या कुठे?"

"दारात, डॉक्टर. माझ्याशीच बोलत होत्या."

डॉक्टर पोरगा भला. त्यानं वाद घातला नाही. त्याच दुपारी पंप वखारीवरून घरांकडे वळला आणि तापबाई पुढे होऊन एकेक पिंप आडवं करत चालली.

सहाव्या दिवशी शिंपिणीचा ताप उतरला. पोटातल्या बाळाचे ठोकेही नीट लागले. तापबाई खाटेजवळ बसली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "माझं चुकलं गं. तीनदा तुझ्या दारात उभी राहिले आणि तशीच परत गेले."

"तुमचं कसं चुकलं, ताई? घरात ताप कुणाला, असं तुम्ही विचारायचात. मी मनातल्या मनात सगळ्यांना मोजून सांगायची. हे, सासूबाई, मुलं. त्यात मलाही धरायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी."

तापबाईने पिशवीतून वही काढली, त्या घरापुढचे तिन्ही निरंक खोडले आणि तिथे शिंपिणीचं नाव लिहिलं.