अटींचा रकाना

मोतीआपाला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस गल्लीत शोधून सापडलं नसतं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून वडील लहानपणी 'मोती' म्हणायला लागले. पुढं गल्लीनं त्याला 'आपा', म्हणजे ताई, जोडलं आणि विषय संपला. वडील काझी. घराची पुढची खोली हेच त्यांचं कार्यालय. एक लांब टेबल, भिंतीला लागून बाक, काचेच्या कपाटात जुन्या नोंदवह्या, आणि दाराशी चपलांचा असा गोंधळ की निकाह ठरवायला आलेली माणसं जाताना हमखास एकमेकांच्या चपला घालून जात.

मोतीनं पहिला निकाहनामा लिहिला तो सोळाव्या वर्षी. त्याला कारण काझीसाहेबांचं अक्षर. ते इतकं अफलातून होतं की एकदा सत्तावीस वर्षांचा नवरदेव कागदावर सत्याऐंशीचा झाला आणि मुलीकडच्यांनी घर डोक्यावर घेतलं. त्या दिवसापासून बोलायचं अब्बांनी आणि लिहायचं मोतीनं, अशी वाटणी झाली.

छापील कागदावर नाव, वय, पत्ता, नवऱ्यानं बायकोला द्यायचा मेहेर, साक्षीदार असे रकाने असत. आणि अगदी तळाशी चार ओळींची मोकळी जागा असे. तिच्यावर छापलेलं असे, 'वधूच्या अटी'.

"इथं तिरकी रेघ मार," अब्बांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "रिकामी जागा सोडायची नाही. मागाहून कुणी काही घुसडलं तर नसती पंचाईत."

मोती पट्टी लावून रेघ मारायची. झोकदार, एका दमात. पंचवीस वर्षं मारत आली.

विसाव्या वर्षी तिचं स्वतःचं लग्न झालं, तेव्हाही कागद तिनंच लिहिला. नवरीच आपला निकाहनामा लिहितेय म्हणून मैत्रिणी हसून हसून बेजार झाल्या. तीन वर्षांनी नवरा कामासाठी परदेशी गेला, तिकडं त्यानं दुसरा संसार मांडला, आणि हिला ना नांदवलं ना सोडलं. आज कागद पाठवतो, उद्या पाठवतो, असं करत सहा वर्षं टांगून ठेवलं. सुटकेचा कागद हाती पडला तेव्हा मोती एकोणतीस वर्षांची होती. टेबलाशी बसून लिहिणं तिनं मधल्या काळातही सोडलं नव्हतं. त्या सहा वर्षांबद्दल बापलेकीत कधी चकार शब्द निघाला नाही.

तर अशी मोतीआपा एकेचाळीस वर्षांची असताना, एका सोमवारी सकाळी, एक मुलगी आपल्या खालाला, म्हणजे मावशीला, घेऊन कार्यालयात आली. मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. निकाह बारा दिवसांवर आलेला, माहिती भरून द्यायची होती. अब्बा बाहेर गेले होते. मोतीआपानं सगळं लिहून घेतलं, सवयीनं पट्टी लावली, रेघ ओढली आणि कागद वाचायला पुढं केला.

इतर मुली नाव बरोबर आहे का एवढं बघून मान डोलवायच्या. ही पठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचत सुटली. प्रयोगशाळेत एका चिठ्ठीवरचं नाव चुकलं तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. तिला ती सवयच होती. तळाशी येऊन तिचं बोट थांबलं.

"आपा, ही रेघ कशाला?"

"तिथं काही लिहीत नाहीत."

"लिहीत नाहीत, की लिहिता येत नाही?"

मोतीआपानं हातातली पट्टी खाली ठेवली. काझीची लेक, पंचवीस वर्षं याच कामात, आणि एवढा साधा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

"मला तीन दिवस दे," ती म्हणाली. आणि तो लिहिलेला कागद तिनं फाडून टाकला. खाला बघतच राहिली.

अब्बांनीच तिला अरबी शिकवलं होतं, पण कपाटाच्या वरच्या खणातले कायद्याचे जाड ग्रंथ तिनं फक्त पुसायला काढले होते. आता दुपारी अब्बा आडवे झाले की ती स्टुलावर चढायची, एकेक ग्रंथ उतरवायची, शिंकत शिंकत पानं उलटायची. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी तिला अटींचं अख्खं प्रकरणच सापडलं. एक ओळ नाही, दोन ओळी नाहीत, पानंच्या पानं! बाईनं कोणत्या अटी घालाव्यात, नवऱ्यानं त्या कशा पाळाव्यात, यावर मोठमोठे विद्वान हजार वर्षांपूर्वी एकमेकांशी हिरिरीनं भांडले होते. नवरा तलाकचा अधिकार बायकोच्या हाती सोपवू शकतो, हेही त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि वर पैगंबरांचं म्हणणं: दिलेला कुठलाही शब्द पाळायचा, पण निकाहच्या वेळी दिलेला सगळ्यांत आधी.

"आहे!" मोतीआपा इतक्या मोठ्यानं ओरडली की आतल्या खोलीत अब्बा दचकून उठले.

"काय झालं? चोर आला का?"

"अब्बा, हे वाचा!"

काझीसाहेबांनी चष्मा लावला, पान बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मग? हे मला माहीत आहे."

मोतीआपाच्या पायाखालची जमीन सरकली. "माहीत आहे? मग आपण रेघ का मारतो?"

"कुणी विचारत नाही म्हणून."

"विचारायला त्यांना माहीत कुठं आहे? सांगायचं आपण, आणि आपणच रेघ मारून बसलोय!"

"हे बघ, मोती," अब्बा समजुतीच्या सुरात म्हणाले, "मुलाकडचे लोक बिथरतात. ठरलेली लग्नं फिसकटतात. माझं काम लग्नं लावण्याचं, मोडण्याचं नाही."

काचेच्या कपाटातून एक जुनी नोंदवही काढून मोतीआपानं एक पान उघडलं आणि टेबलावर त्यांच्यापुढं ठेवलं. नवरीच्या नावाच्या जागी तिचंच नाव होतं. तळाशी झोकदार तिरकी रेघ.

"अक्षर माझं," ती म्हणाली, "रेघही माझीच. या चार ओळींत एकच ओळ लिहिलेली असती ना अब्बा, तर माझी सहा वर्षं वाचली असती. आणि तेव्हाही तुम्हाला माहीत होतं."

अब्बांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, तिची धडपड तेवढी ऐकू येत होती. ते म्हणाले, "मी घाबरलो होतो. तुझं लग्न मोडेल म्हणून." मग घसा साफ करून त्यांनी नवा कोरा कागद तिच्याकडं सरकवला. "लिही. पण मुलाला आधी विचार. ऐन मांडवात गोंधळ नको."

मोतीआपाच्या पायाला भिंगरी लागली. ती स्वतः प्रयोगशाळेत गेली, हातमोजे घातलेल्या त्या मुलीला बाहेर बोलावलं आणि जिन्यातच सगळं सांगितलं. मुलगी इतकी उडाली की हातातली नळी पडता पडता वाचली. दोघींनी जिन्यात बसून तीन अटी ठरवल्या. लग्नानंतर नोकरी चालू राहील. ही बायको असताना दुसरं लग्न होणार नाही. आणि संसार चाललाच नाही, तर स्वतः सुटण्याचा अधिकार तिच्या हाती राहील.

नवरामुलगा बसच्या डेपोत टायर बदलायचा. त्यानं कागद ग्रीसच्या हातांनी धरू नये म्हणून मोतीआपानंच त्याच्यापुढं धरला. त्यानं दोनदा वाचलं, तिसऱ्या अटीपाशी जरा घुटमळला, कान खाजवला.

"ती मला सोडणार आहे का?"

"तसा विचार असता तर तिनं लग्नच कशाला केलं असतं?"

"तेही खरंय," तो म्हणाला आणि हात पुसून सही केली.

निकाहच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पुढं पुरुष, मधे पडदा, मागं बायका. मोतीआपा ग्रंथ छातीशी धरून पडद्याच्या कडेला उभी होती. अब्बांनी नावं वाचली, मेहेर वाचला. मग खणखणीत आवाजात ते म्हणाले, "वधूच्या अटी."

पंचवीस वर्षांत हे शब्द त्या गावात कुणी ऐकले नव्हते. तिसरी अट वाचून झाली आणि मुलाचे चाचा ताडकन उठले. धिप्पाड माणूस, मिशीला पीळ देत बोलणारा.

"काझीसाहेब, हा निकाह आहे की भाड्याच्या खोलीचा करार?"

"खोली भाड्यानं घेताना तुम्ही चार पानं वाचता," अब्बा म्हणाले. "जन्माच्या सोबतीसाठी चार ओळी ऐकायला काय हरकत आहे?"

"आमच्यात असलं चालत नाही! धर्मात बसत नाही!"

मोतीआपाला राहवलं नाही. पडद्याआडून तिचा आवाज आला, आणि तो आपलाच आहे हे तिचं तिलाही आधी खरं वाटेना. "चाचा, धर्मात बसतं. ग्रंथ सोबत आणलाय. पान दाखवू?"

पडद्यामागं बायकांची कुजबुज उसळली. "दाखव, दाखव!" एक म्हातारी म्हणाली. चाचांनी आधाराला पुतण्याकडं बघितलं. नवरदेव उभा राहिला. भाषणाची सवय नाही. कानाच्या पाळ्या लालबुंद झालेल्या.

"चाचा, गाडीत स्टेपनी ठेवली म्हणून काही टायर फुटत नाही. आणि स्टेपनी नसलेली गाडी आम्ही डेपोतून सोडत नाही."

आधी पुढं कुणीतरी फसकन हसलं, मग मागं बायका हसल्या आणि बघता बघता सगळं सभागृह खदखदायला लागलं. चाचा दोनदा काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्याही मिशीखालून हसू निसटलंच. ते बसले. निकाह लागला.

त्या आठवड्यात कार्यालयाच्या बाकावर जागा पुरेना. लग्न ठरलेल्या मुली आल्या, त्यांच्या आया आल्या. मग ज्यांची लग्नं होऊन वीस वर्षं झाली अशा बायका हळूच विचारायला आल्या, "आपा, आमच्या कागदावरची रेघ पुसता येते का?" मोतीआपा अब्बांकडं धावली. रेघ पुसता येत नाही, पण नवरा राजी असेल तर बायकोला सुटण्याचा अधिकार लग्नानंतरही लिहून देऊ शकतो, असं अब्बांनी सांगितलं. झालं! दर गुरुवारी सकाळी पुढच्या खोलीत बायकांची बैठक भरायला लागली. मोतीआपा ग्रंथ उघडायची, एकेक ओळ सोपी करून सांगायची, आणि बायका प्रश्नांनी तिला भंडावून सोडायच्या. कधी उत्तर यायचं, कधी नाही. नाही आलं की ती सरळ सांगायची, "पुढच्या गुरुवारी."

सगळंच गोड झालं असं नाही. दोन घरांनी मोतीआपाचं नाव ऐकून दुसरा काझी गाठला. एका सासऱ्यानं भर रस्त्यात 'पोरींना फूस लावणारी' म्हणून सुनावलं. एका बाईच्या नवऱ्यानं कागद टराटरा फाडला. ती बाई पुढच्या गुरुवारी परत आली, म्हणाली, "दुसरा लिहून द्या." त्यानं तोही फाडला. तिसऱ्यावर सही केली.

त्याच सुमारास दुसऱ्या शहरातल्या काही स्त्रियांनी बायकांसाठी काझीचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालू केल्याचं मोतीआपाच्या कानावर आलं. तिनं त्याच दिवशी अर्ज लिहिला.

"निकाह लावायला बाई?" अब्बा म्हणाले. "तिथवर मी अजून आलेलो नाही, मोती."

"या की सावकाश," ती म्हणाली. "मी पुढं होते."

अब्बा कुरकुरत राहिले आणि रोज सकाळी तिचा अभ्यासही घेत राहिले. उच्चार चुकला की टेबलावर बोटानं टकटक करायचे. कधी दोघांचा वाद असा रंगायचा की भांडण सोडवायला शेजारी धावून यायचे. परीक्षेला एकवीस जणी बसल्या होत्या. निकाल आला तेव्हा मोतीआपा तिसरी होती. अब्बांनी ते गल्लीत चौदा घरी जाऊन सांगितलं, आणि वर प्रत्येक ठिकाणी 'मला हे पटलेलं नाही हां' हेही सांगितलं.

मोतीआपानं पहिला निकाह लावला तो एका मंगळवारी. नळजोडणीचं काम करणारा वर, आणि इस्त्रीचं दुकान चालवणारी विधवा वधू, दोघंही चाळिशीच्या पुढचे. वधूच्या पाच अटी होत्या, त्यांतली एक 'घरातले नळ आधी दुरुस्त होतील' अशी होती आणि ती तिनं काही केल्या काढू दिली नाही. अब्बा आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

मोतीआपा खुर्चीत बसली, पहिलं वाक्य म्हणायला गेली आणि आवाज चिरकला. तिनं पाण्याचा घोट घेतला. मग सूर लागला आणि असा लागला की जिन्यावरची माणसंसुद्धा आत डोकावली. तिनं वधूकडं तोंड केलं, मधे कुणी वकील नाही, कुणी निरोप्या नाही, समोरासमोर.

"या माणसाशी, या पाच अटींवर, तुम्हाला..."

"कबूल!" वधू ओरडली.

"अहो, प्रश्न तरी पूर्ण होऊ द्या!"

"होऊ द्या की. माझं उत्तर तेच आहे!"

घरी पोचल्यावर मोतीआपानं पायताणही न काढता दारातूनच सगळं सांगायला सुरुवात केली. अब्बा डोक्याला बांधलेला रुमाल सोडत ऐकत होते.

"आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला का?" त्यांनी विचारलं.

"जिन्यापर्यंत गेला, अब्बा!"

"बरं," ते म्हणाले, आणि बाकाकडं बोट केलं. तिथं एक मुलगा आणि एक मुलगी संकोचून बसले होते. "तासभर झालाय त्यांना येऊन. मी म्हटलं, मी लावतो निकाह. तर तुझ्याचकडून हवाय म्हणतात."