चार आकड्यांचा अंतरपाट

साडीच्या दुकानात दिवसभर काम केलं की घरी जाताना अंगाला दोरे चिकटलेले असतात. कितीही झटका, एखादा राहतोच. किस्स्यांचंही तसंच. राजापेठमधल्या आमच्या दुकानात कार्डाची मशीन आधीपासून होती. चिठ्ठीवर सही केली की काम झालं. मग एक दिवस मशीनचं सहीवर भागेना, ती चार आकड्यांचा गुप्त नंबर मागायला लागली. तेव्हापासून इतके दोरे चिकटले की विचारू नका!

मशीन शेठनी माझ्याकडे दिली. शिक्षण सातवी, पण आकडे तर ओळखू येतात ना, झालं! माझी चार वर्षांची गुड्डी बालवाडी सुटली की दुकानातच असायची. नवरा बडनेरा स्टेशनवर ऑटो चालवतो, घरी तिला पाहायला कोणी नाही. शेठ पहिल्याच दिवशी बोलले, "कपाशीनं साऱ्यायची कंबर मोडली. लग्नाचा बस्ता घ्याले येते कोण आता? हे कार्डवालेच उरले. त्यायचा एक नंबर जरी कोणाले समजला, तर पोरगी दुकानात दिसली नाई पायजे."

पोरगी नाही म्हणजे मीही नाही. त्या दिवसापासून गिऱ्हाईक बटणं दाबायला लागलं की मी त्याच्या बोटांवरून नजर काढून घ्यायची!

*

रिटायर झालेले एक गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांची सही म्हणजे सोहळा! कोपऱ्यातून निघायची, तीन वेळा गिरकी घ्यायची, खाली दोन टिंबं. मागचे लोक ताटकळत.

मी मशीन पुढे केली. "गुरुजी, नंबर टाका."

"अन् माह्या सहीचं काय झालं?"

"सही नाई लागत आता."

"या सहीवर पोरं पास झाले, अन् तू म्हणतं नाई लागत?"

रागारागात त्यांनी नंबर दाबला. चिठ्ठी निघाली. मग खिशातून पेन काढून त्यांनी तिच्यावर सावकाश, टिंबांसकट पूर्ण सही केली आणि माझ्याकडे सरकवली. "नंबर मशीनले. हे तुले!"

*

एका इंजिनीयर साहेबांचं क्रेडिट कार्ड घेऊन त्यांच्या मिसेस यायच्या. साहेबांची सही त्या साहेबांपेक्षा चांगली करत! नंबर आला अन् पंचाईत झाली. दुकानातूनच फोन लावला, "अहो, नंबर सांगा!"

"फोनवर सांगत असतात का? येतो मी."

साहेब भर उन्हात गाडीवर आले. डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नाही. बिल पाहून म्हणाले, "दोन साड्या म्हणत होती ना? ह्या चार कशा?"

"तुमाले याले अर्धा तास लागला. तोवर मी काय रिकामी बसू?"

*

मला कोणाच्या नंबराचं काही नाही. पण नंबर दाबतानाचे चेहरे पाहायचं मोठं कुतूहल! कोणी छताकडे पाहतं, कोणी ओठातल्या ओठात पुटपुटतं, कोणी बोटाची पेरं मोजतं. एक नवीन लग्न झालेले भाऊ होते. नंबर दाबताना गालातल्या गालात हसायचे. त्यांची बायको बोटं नाही, ते हसूच पाहत होती.

"हसून काहून राहिले? कोणाची तारीख हाय ते?"

भाऊंचं हसू जागेवरच गेलं. पुढच्या खेपेला दोघं आली, तेव्हा नंबर बायको दाबत होती. अन् हसत होती तीच!

*

एकदा एक मॅडम चिडल्या. "सगळे इकडेच बघतायत. नंबर कसा टाकू?" शेठ गल्ल्यावरून माझ्याकडे पाहायला लागले.

ड्रेस मटेरियलचं काउंटर सांभाळणाऱ्या आमच्या रुबीनाबाजी उठल्या. एक पिवळी साडी झर्रकन उलगडली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "लो मॅडम, परदा हो गया. अब आराम से दबाओ."

बार्शीटाकळीचे एक काका धोतरजोडा पाहत बसले होते. ते ओरडले, "अरे, अक्षता आणा बाप्पा कोणी!"

तोच नियम पडला. गिऱ्हाईक अंतरपाटामागे मशीन पोटाशी धरून, खाली वाकवून नंबर दाबणार, अन् चिठ्ठी निघाली की कोणीतरी म्हणणार, "सावधान!" गुड्डीलाही ते फार आवडायचं. चिंध्यांच्या बाहुल्या घेऊन ती साडीखालीच घर मांडून बसायची.

*

मग शेठनी स्वतःच क्रेडिट कार्ड घेतलं. एक-दोनदा दुकानातच, अंतरपाटामागे वापरून झालं. दिवाळीच्या आधी शेठाणीबाई आपल्या भावाला घेऊन दुकानात आल्या. शेठ म्हणाले, "साडी पसंत करा. पैसे मी आपल्याच मशीनवर देतो!"

मी आणि बाजींनी अंतरपाट धरला. शेठनी नंबर दाबला. चुकला.

"मशीन खराब हाय."

पुन्हा दाबला. पुन्हा चुकला. मी हळूच म्हटलं, "शेठ, आता एकच डाव उरला. चुकला तर कार्ड बंद होते."

पलीकडून शेठाणीबाईंचा आवाज आला, "दुसऱ्यायले अक्कल शिकवता, अन् सोताचाच नंबर आठवत नाई?" त्यांचा भाऊ खोकला. शेठच्या कपाळावर घाम.

आणि खालून, आमच्या पायांपासून आवाज आला, "शेठबाबा, मागच्या वेळी तुमी तीन दाबलं होतं. मग सात. मग एक, एक."

माझ्या हातातलं टोक सुटलं.

शेठनी खाली पाहिलं. बाहुलीला साडी नेसवत गुड्डी वर पाहत होती. शेठनी चार बटणं दाबली. मशीन किरकिरली, चिठ्ठी बाहेर आली. सावधान म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

शेठनी चिठ्ठीकडे पाहिलं, गुड्डीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तर तिची चप्पल शोधायला लागले होते.

"उद्यापासून," शेठ म्हणाले, "साडी जमिनीले टेकवून धरत जा!"